माहीमच्या मगदूम बाबांनी नक्की लिहिलं काय?

खारेदाणे (धागाकर्ता)

दिवाळीच्या आधी एकदा जे. जे. पुलावर टॅक्सी अडकली. हलायचं नाव नाही. भाची खिडकीतून पाट्या वाचत होती. (सध्या तिला दिसेल ते वाचायचा नाद लागलाय, बिस्किटाच्या पुड्यावरचं वजनसुद्धा सोडत नाही.)

"कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. मामा, हे कोण?"

"माहीमचे मगदूम बाबा. त्यांची जत्रा भरते डिसेंबरात."

"हो, पण ते करायचे काय?"

माझा जन्म माहीमचा. चोवीस वर्षं तिथे काढली, दर्ग्यापासून आमची चाळ सात मिनिटांवर. आणि मला उत्तर येईना. बाबा 'करायचे काय' हा प्रश्नच कधी पडला नव्हता. बाबा होते. जत्रा होती, पोलिसांचा बँड होता, आकाशपाळणे होते, परातीएवढा पराठा तोडून त्यावर हलवा घालून देणारे होते. परीक्षेच्या आधी आई लांबूनच हात जोडायची. मुंबईतला एवढा मोठा पूल ज्यांच्या नावाचा, त्यांच्याबद्दल माझं ज्ञान खाण्यापिण्यापलीकडे जात नव्हतं.

मग हात धुऊन मागे लागलो. उत्तर असं निघालं की ते लिहायचे. अरबीत. आणि जे लिहिलं ते माहीमपुरतं राहिलं नाही.

थोडक्यात चरित्र. अली, वडील शेख अहमद, आई फातिमा. घराणं नवायतांचं, म्हणजे अरबस्तानाकडून समुद्रमार्गे येऊन पश्चिम किनाऱ्यावर रुजलेल्या लोकांचं. काळ चौदाव्या शतकाची अखेर आणि पंधराव्याची पहिली तीस वर्षं. सगळीकडे १३७२ ते १४३१ असं छापलेलं असतं. वडील लवकर गेले. आईने वाढवलं. पुढे माहीमचे काझी झाले. 'फकीह' म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, ही पदवी नावाला चिकटली ती तेव्हापासून.

त्या वेळचं माहीम डोळ्यांसमोर आणायला जरा मेहनत पडते. फोर्ट, गिरगाव, परळ वगैरे जे आपल्याला 'मुंबई' वाटतं त्याला तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. महत्त्व माहीमला. खाडीच्या तोंडाशी बंदर, वर गुजरातच्या सुलतानाचा अंमल. १४२९ च्या सुमाराला बहमनी सुलतानाचा सरदार मलिक-उत-तुज्जार खलफ हसन याने साष्टी आणि माहीम घेतलं, आणि गुजरातच्या अहमदशहाने मुलाला धाडून ते परत मिळवलं. म्हणजे बाबांची शेवटची दोन-तीन वर्षं लढाईच्या धामधुमीत गेली असणार. पोर्तुगीज यायला अजून शंभर वर्षं होती (वसईचा तह १५३४).

अशा गावात बसून या माणसाने कुराणावर अख्खं भाष्य लिहिलं. नाव 'तबसीरुर्रहमान व तैसीरुल मन्नान'. लोक सोयीसाठी 'तफसीर-ए-रहमानी' किंवा 'तफसीर-ए-महायमी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कैरोच्या प्रसिद्ध बुलाक छापखान्यात ते दोन खंडांत छापलं गेलं (हिजरी १२९५, म्हणजे १८७८). माहीमच्या खाडीवर लिहिलेलं पुस्तक नाईलच्या काठी छापलं जातं आणि त्याच माहीमात वाढलेल्या मला त्याची दाद ना फिर्याद.

या भाष्यात विशेष काय? मला अरबी येत नाही, त्यामुळे ज्यांनी वाचलंय त्यांच्या लेखांवरून सांगतो. दोन गोष्टी. एक, भाष्यकार बहुधा शब्द घेतात, वचन घेतात, त्याचा अर्थ सांगतात आणि पुढे जातात. माहिमींचा सगळा भर एका वचनातून दुसरं कसं निघतं यावर. वरकरणी तुटक वाटणारी वचनं एका धाग्यात ओवलेली आहेत हे ते दाखवत जातात. दुसरी गोष्ट मला फार आवडली. कुराणात ११४ सुरा, म्हणजे अध्याय. त्यातल्या ११३ सुरांच्या सुरुवातीला तेच वाक्य येतं, 'बिस्मिल्ला', परम कृपाळू, परम दयाळू अल्लाच्या नावाने. बाकीचे एकदा अर्थ सांगून मोकळे होतात. माहिमी प्रत्येक वेळी त्याचा अर्थ नव्याने लावतात, पुढे येणाऱ्या सुरेच्या विषयाला धरून. नमन तेच, पण आख्यान बदललं की कीर्तनकार त्यातूनच वेगळी वाट काढतो, तसं काहीसं.

इथे कुणी हे भाष्य वाचलंय का? दर्ग्याच्या घरगुती आठवणी, ऐकीव गोष्टी असतील तर त्याही लिहा. भाचीला अजून पूर्ण उत्तर द्यायचंय.

पाववाला नाना

पहिला प्रतिसाद माझा. हलवा-पराठ्याचा उल्लेख केल्याबद्दल जाहीर निषेध, घरात पथ्य चालू आहे.

आमच्या वेळी जत्रा म्हणजे मौत का कुआँ. फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल आडवी फिरायची आणि वर उभे राहून आम्ही पोरं कठड्याला घट्ट धरून. खाली पडेल या भीतीपेक्षा फळी मोडेल ही भीती मोठी. पोलिसांची मिरवणूक बघायला वडील खांद्यावर घ्यायचे. पहिल्या रात्रीचं संदल (दर्ग्यावर चंदन घेऊन जाणारी मिरवणूक) पोलिसांचं, पोलीस ठाण्यातूनच निघायचं. गणवेशातले साहेब लोक डोक्यावर तबक घेऊन चालतायत हे दृश्य लहान पोराला कळण्यासारखं नव्हतं. पोलीस म्हणजे पकडतात एवढंच माहीत.

उनाड वारा

हे हाजी अलीच ना? की हाजी मलंग?

खारेदाणे

दोन्ही नाहीत. हाजी अली वरळीच्या समुद्रात, मलंग कल्याणच्या डोंगरावर. हे माहीमच्या किनाऱ्याला. तिघांची सरमिसळ मीही बरीच वर्षं केली आहे, लाजू नका.

समुद्रफेस

मी मूळची दापोलीकडची, कोकणी मुसलमान. आमच्या घरात बाबांचं नाव 'मखदूम साहेब' असं घेतात. लहानपणी दादी झोपताना दोन गोष्टी सांगायची, त्या लिहिते.

पहिली पाण्याची. रात्री आईने पाणी मागितलं. मुलगा पेला भरून आणेपर्यंत तिचा डोळा लागला. उठवायचं कसं? आणि आपण झोपलो आणि तिला जाग आली तर? तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत तसाच उभा. आईने डोळे उघडले, बघितलं आणि दुवा दिली. दादी म्हणायची, पुढे जे काही झालं ते त्या दुव्याचं. दर्ग्यात आईची कबर त्यांच्या शेजारीच आहे.

दुसरी खिज्रची. वडील गेल्यावर मुलाला शिकायला परदेशी जायचं होतं. आईला ते सोसवेना. एकुलता एक, त्यात समुद्राचा प्रवास. ती रडली, प्रार्थना केली. मग ख्वाजा खिज्र रोज समुद्रकिनारी येऊन त्याला शिकवू लागले. खिज्र म्हणजे पाण्याचे पीर, खलाशांचे राखणदार. आमच्याकडे होडी लोटताना त्यांचं नाव घेणारी जुनी माणसं होती.

तुम्ही म्हणता तसं मलाही भाष्याचं खूप उशिरा कळलं. पण एक गोष्ट घरात होती, जिचं मूळ कळलं नव्हतं. आम्ही कोकणी लोक नमाज, रोजे, वारसा अशा बाबतीत शाफई पद्धत पाळतो. उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी. मी पुण्याला हॉस्टेलवर गेले तेव्हा लखनौची मैत्रीण मला नमाज 'चुकीचा' पढते म्हणून दुरुस्त करायला लागली. वडिलांना फोन केला तर ते हसले. म्हणाले, आपण समुद्राचे लोक. येमेन, केरळ, भटकळ, तिकडे जावा-सुमात्रा, सगळीकडे शाफईच. जिथे अरबांची गलबतं लागली तिथे हीच पद्धत. मखदूम साहेबही शाफई फकीह, त्यांच्या नावावर त्या पद्धतीचं छोटं पुस्तकही आहे, 'फिक्ह-ए-मखदूमी'.

कासवछाप

धागा उत्तम. नेहमीप्रमाणे तारखांची किरकिर करतो, माफ करा.

परंपरेत जन्म १० मुहर्रम हिजरी ७७६ आणि मृत्यू ८ जमादिल आखर हिजरी ८३५ असा सांगतात. आता हिजरी ७७६ हे साल इसवी १३७४ च्या जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे हिजरी तारीख खरी धरली तर जन्म १३७४ चा, १३७२ चा नव्हे. हिजरी ८३५ सुरू झालं सप्टेंबर १४३१ मध्ये. जमादिल आखर हा सहावा महिना. म्हणजे मृत्यू १४३२ च्या फेब्रुवारीत पडतो. कुणीतरी कधीतरी घाईत आकडेमोड केली आणि सगळे तेच उतरवत आले. दोन वर्षांनी जगबुडी होत नाही, पण हिजरी आणि इसवी दोन्ही शेजारी शेजारी छापताना निदान एकमेकांशी जुळवून तरी बघावेत.

पाण्याच्या पेल्याची गोष्ट नवव्या शतकातल्या बायजीद बिस्तामी या इराणी सूफीबद्दलही अगदी अशीच सांगतात. थंडीची रात्र, आई, पेला, पहाट. तेव्हा ती माहीमची 'घटना' म्हणून धरू नये.

समुद्रफेस

धरत नाही. दादीला बायजीद माहीत नव्हते, मलाही ते तुमच्यामुळे आज कळले. पण इतक्या पिरांच्या इतक्या गोष्टींतून माहीमच्या लोकांनी मखदूम साहेबांसाठी हीच निवडली. आकाशात उडाले, वाघावर बसले अशाही मिळाल्या असत्या. निवडली ती पेला घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाची.

कासवछाप

मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शब्दवेडा

'मखदूम' हा शब्दच बघा. अरबी धातू ख-द-म, सेवा करणे. त्यावरून 'खिदमत', मराठीत 'खिजमत'. सेवा करणारा तो खादिम. ज्याची सेवा केली जाते तो मखदूम. म्हणजे धनी, महाराज या अर्थाने. आईची खिजमत करणारा पोरगा मखदूम झाला, हे गोष्ट रचणाऱ्याच्या मनात असणारच.

माहीमकर 'मगदूम' म्हणतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे मगदूम आडनावाची, त्यातही जैन, कितीतरी घरं आहेत. शब्द तोच. मान्यवर, मुखत्यार अशा अर्थाने आपल्याकडे रुळलेला असणार. 'फकीह' हेसुद्धा कोकणी मुसलमानांत आडनाव आहे.

निवांत

इब्न अरबींचा उल्लेख कसा काय राहिला? माहिमी हे त्यांच्या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. 'फुसूसुल हिकम' या इब्न अरबींच्या ग्रंथावर माहिमींची टीका आहे. इब्न अरबी म्हणतात अस्तित्व एकच, 'वहदतुल वुजूद'. म्हणजे आपलं अद्वैतच की! शंकराचार्य काय वेगळं सांगतात? सगळे संत एकच सांगतात, आपणच भांडत बसतो.

टाकसाळ

निवांत, नेहमीचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'सगळे एकच सांगतात' म्हटलं की कुणाचंच वाचायची गरज उरत नाही, ही त्यातली गोम.

इब्न अरबी हे अंदालुसियातल्या मुर्सिया गावचे. जन्म ११६५, मृत्यू दमास्कसला १२४०. त्यांच्या विचाराला सुरुवातीपासून कडवा विरोध झाला. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) तर अक्षरशः तुटून पडले होते. माहिमी लिहायला बसले तेव्हा हा वाद तापलेलाच होता, आणि त्यात ते उघडपणे इब्न अरबींच्या बाजूचे. 'फुसूस'वर टीका लिहिली, सुहरावर्दींच्या 'अवारिफुल मआरिफ' या सूफी आचारग्रंथावरही लिहिली. आता गंमत अशी की हाच माणूस काझी आहे. दिवसा वारसाहक्काचे, काडीमोडाचे, कर्जाचे खटले. 'सगळं एकच' म्हणून निकाल देता येत नाही, तिथे हे तुझं आणि हे त्याचं असं वेगळं करावंच लागतं. शरीयत सोडून एकत्वाच्या गप्पा मारणाऱ्यांतले ते नव्हते. मला तरी त्यांच्यातली ही जोडी सगळ्यात मोलाची वाटते.

अद्वैताबद्दल. शांकर मतात जग मायेचं, ज्ञान झालं की त्याचा निरास. इब्न अरबींकडे जग खोटं ठरत नाही. जग म्हणजे ईश्वराचं स्वतःला प्रकट करणं, 'तजल्ली'. आरशात रूप पाहावं तसं. मराठीत शेजार शोधायचाच असेल तर शंकराचार्यांच्या दारात जाऊ नका, ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'कडे जा. तिथे जग हा भास नाही, चिद्विलास आहे, वस्तूच स्वतःला बघायला आपणच दृश्य होते. हा शेजार विचारांचा. एकाने दुसऱ्याचं वाचलं असं मी म्हणत नाही, तसा काही धागा नाही.

अवांतर: बाबा गेल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी, १४४८ साली, केशवाचार्यांनी रचलेला भाग ज्यात आहे ती 'महिकावतीची बखर' याच उत्तर कोकणाची. बिंब राजे, वतनं, महाराष्ट्रधर्म. राजवाड्यांनी १९२४ साली ती छापली. एकाच खाडीच्या आसपास, एकाच पिढीत, एक जण अरबीत कुराणाची वचनं ओवतोय आणि दुसरा मराठीत वतनांच्या हकिकती. दोघे एकमेकांना ओळखत असते तर काय बोलले असते, याचा मी बसमध्ये बऱ्याचदा विचार करतो.

निवांत

'अमृतानुभव' पुन्हा काढतो. 'सगळे एकच' मागे घेतो, निम्मं.

उगाच

त्या काळी इथल्या लोकांवर काय काय झालं ते पण लिहा ना. संत संत काय लावलंय. औरंगजेबाच्या काळात

संपादक मंडळ

'उगाच' यांचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. औरंगजेब बाबांच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी जन्मला. विषयाला धरून लिहा, नाहीतर नवा धागा काढा.

पाववाला नाना

पोलिसांचं कुणी सांगितलंच नाही. मी ऐकलेलं असं: एका गोऱ्या साहेबाला तस्कर हाती लागत नव्हते, बाबांनी स्वप्नात येऊन ठिकाण दाखवलं, तेव्हापासून पहिली चादर पोलिसांची. दुसरं असं की बाबा शेवटच्या घटका मोजत असताना एका हवालदाराने पाणी पाजलं.

कासवछाप

१४३२ साली हवालदार? कोतवालाचा शिपाई म्हणा फार तर.

पाववाला नाना

तुम्ही माझ्या वडिलांशी बोला. ते वर आहेत.

ठाणे अंमलदार

नावावरून कळलंच असेल, निवृत्त आहे. माहीमला तीन वर्षं होतो, विसाव्या शतकात. माहीम पोलीस ठाणं आहे तिथेच बाबांचं घर होतं अशी ठाण्यातली समजूत. वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीला लागून एक खोली, तिथे लोखंडी कपाट. त्यात बाबांच्या वापरातल्या म्हणून जपलेल्या वस्तू. वर्षातून एकदा, जत्रेच्या वेळी उघडायचं. कपाटापुढून जाताना चपला काढणारे होते, न काढणारेही होते, पण तिथे बसून शिवी कुणी देत नसे. एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि पोलीस ठाण्यासाठी हे कमी नाही.

संदलाच्या रात्री तबक कोण उचलणार यावर ठाण्यात महिनाभर आधी चर्चा. धर्म कुणी विचारत नसे, ज्येष्ठता बघत. बढती अडकलेला माणूस आपणहून पुढे यायचा. माझीही अडकली होती. उचललं. बढती पुढच्या वर्षी झाली, पण ती तशीही होणारच होती असं बायको म्हणते.

खारेदाणे

क्या बात है साहेब. हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा.

टाकसाळ, काझी आणि इब्न अरबी ही जोडी मी लिहायला हवी होती, राहून गेली. भाचीला सांगितलं, ते न्यायाधीश होते आणि रात्री पुस्तक लिहायचे. 'रात्री' हे मी मनाने जोडलं. तिला ते पटलं, तिचे वडीलही रात्रीच काम करतात.

आणखी एक सापडलं. दर्ग्याची १६७४ मध्ये दुरुस्ती झाल्याची नोंद आहे, रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष. म्हणजे मधली सव्वाशे वर्षं पोर्तुगीजांच्या अमलातही जागा टिकली.

एक प्रश्न पडलाय. उरूस, म्हणजे बाबांची पुण्यतिथी, हिजरी तारखेने, तो दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. मग जत्रा कायम डिसेंबरातच कशी? माझ्या आठवणीत ती कधी मे महिन्यात किंवा पावसात भरल्याचं नाही.

घड्याळजी

चांगला प्रश्न. पंचांग घेऊन बसलो. २०२३ ला जत्रा २७ डिसेंबरला सुरू झाली, आदल्या दिवशी, २६ ला, मार्गशीर्ष पौर्णिमा. २०२४ ला १६ डिसेंबरला सुरू, १५ ला मार्गशीर्ष पौर्णिमा. २०२३ ला इतकी उशिरा का, तर त्या वर्षी अधिक श्रावण होता, सगळेच सण पुढे गेले होते. अधिक महिना ज्याला लागतो ती तारीख हिजरी नव्हे. तुमच्या मगदूम बाबांची जत्रा आपल्या तिथीने चालते.

आणि मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे दत्तजयंती.

टाकसाळ

हे मला माहीत नव्हतं! दत्त म्हटलं की आपल्याकडे फकीर, मलंग आलेच. एकनाथांना दौलताबादेत दत्तदर्शन झालं ते मलंगाच्या वेषात, अशीच कथा आहे. तरी लगेच नातं जोडायला जाऊ नये. कोकणात, देशावर कितीतरी जत्रा पौर्णिमेच्या. वीज नव्हती तेव्हा रात्रीची जत्रा चांदण्यातच भरणार. पावसाळा संपून, भात घरात येऊन, गलबतं पुन्हा सुरू झालेली. माणसांच्या हातात पैसा आणि वेळ दोन्ही असलेली पौर्णिमा.

समुद्रफेस

म्हणजे उरूस मखदूम साहेबांचा आणि जत्रा माहीमची. आमच्याकडेही उरुसाला कुराणपठण, घरात गोड, शांत. जत्रेला मामा पोरांना घेऊन जायचे आणि एक तरी पोर हरवायचंच. दोन वेगळे दिवस आहेत हे माहीत होतं, दोन वेगळी कालमापनं आहेत हे आज कळलं.

पाववाला नाना

हरवलेली मुलं पोलीस मंडपात बसवायचे. मी दोनदा बसलोय. बिस्किटं मिळायची.

ठाणे अंमलदार

दुसऱ्यांदा बिस्किटांसाठीच हरवला असाल. अशी बरीच असायची.

खारेदाणे

घड्याळजी, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून एक चित्र डोक्यातून जात नाही. लहानपणी वर्षातला एक दिवस असा असायचा की संध्याकाळी आई आम्हाला गल्लीतल्या दत्ताच्या देवळात न्यायची. सूर्य मावळताना पाळणा हलायचा, हातावर सुंठवडा मिळायचा. तो मी खिशात कागदात बांधून ठेवायचो, कारण तिखट लागायचा. आणि तिथूनच, घरी न जाता, आम्ही गर्दीत दर्ग्याच्या बाजूला वळायचो. जत्रेत पाळण्यात बसलो की वर गेल्यावर मी खिशातला सुंठवडा चाटायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं की दोन्ही ठिकाणी एकाच खेपेत जायचं ही आमच्या आईची काटकसर. एकदाच साडी नेसायची, एकदाच मुलांना कपडे घालायचे.

काल रात्री तिला फोन केला. आता ती भावाकडे डोंबिवलीला असते, कानाने जरा कमी ऐकते. ओरडून सगळं सांगितलं. हिजरी, अधिक महिना, मार्गशीर्ष पौर्णिमा, पंचांग.

ती म्हणाली, "पुनवेला असते जत्रा. त्यात शोधायचं काय एवढं? आणि यंदा जाशील तर पराठा आण थोडा. तूप निथळून घे म्हणावं."